न केलेल्या फोनच्या कादंबऱ्या

आमच्या भिशीत पैसे नसतात, पुस्तक असतं. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही सहा-सात बायका जमतो, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातून एक चिठ्ठी काढतो, आणि जिचं नाव निघेल ती सांगेल ते पुस्तक पुढच्या बैठकीपर्यंत सगळ्यांनी वाचायचं. आवडलं नाही तरी वाचायचं. ज्या बाईची चिठ्ठी एकदा निघाली तिची पाळी फेरा पूर्ण होईपर्यंत पुन्हा येत नाही. पैशांच्या भिशीत जो प्रामाणिकपणा पाळतात तोच इथेही पाळायचा, एवढाच नियम.

ही कल्पना आमच्या घरमालकांच्या मुलीची. मी नेरूळच्या एका जुन्या गावठाणात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. तळमजल्यावर मालक, मालकीणबाई आणि त्यांची ही मुलगी. मालकांची भातशेती होती तिथे आता मॉल आहे. ते अधूनमधून त्या मॉलमध्ये जातात, काही घेत नाहीत, हात मागे बांधून बांधावर उभं राहिल्यासारखे सरकत्या जिन्यापाशी उभे राहतात आणि परत येतात. मुलगी ऐरोलीला विमा कंपनीची कामं करणाऱ्या एका ऑफिसात आहे, वय तिशीच्या जरा पुढे, आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता ती फोनवर प्रेमाच्या विनोदी कादंबऱ्या वाचते. बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या, हल्लीच्या. इंग्रजीही वाचते, मराठीही.

मी आयुष्यभर एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासली. म्हणजे मराठीतल्या बऱ्याच गंभीर कादंबऱ्या मी सगळ्यांच्या आधी वाचल्या, आणि त्यांतल्या काही माझ्यानंतर कोणी वाचल्याही नाहीत. त्यामुळे भिशी सुरू झाली तेव्हा एक जाडजूड, दुःखी, उत्तम कादंबरी मी पिशवीत घालून ठेवली होती. माझी चिठ्ठी निघाली की ती बाहेर काढायची. पण चिठ्ठी काही निघेना. दर बैठकीला दुसऱ्याच कोणाचं नाव यायचं, आणि मुलीनं सगळ्यांना आधीच बिघडवून ठेवलं असल्यामुळे दर वेळी नवी गुलाबी मुखपृष्ठाची कादंबरी गळ्यात पडायची.

भिशीत एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आहेत. पहिल्याच बैठकीला त्यांनी दीपप्रज्वलन आणि अध्यक्षीय मनोगत यांची सूचना मांडली. मालकीणबाईंनी बिचाऱ्यांनी देवघरातली समई वर पाठवली. अध्यक्षा म्हणून स्वतः बाईच होत्या. मनोगत संपेपर्यंत समईतलं तेल माझ्या सोफ्यावर उतरलं होतं आणि वाङ्मयाची दशा आणि दिशा मात्र होती तिथेच होती. तेव्हापासून दिवा लावत नाही. चहा करतो.

तर त्या कादंबऱ्यांबद्दल.

मुखपृष्ठावर नाकडोळे नसलेली दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी असतात. पहिल्या प्रकरणात नायिका पडते. फुटपाथवर, लिफ्टच्या दारात, एकदा तर दुसऱ्याच्या लग्नाच्या केकवर. जिथे पडते तिथे नायक उभा असतो. माझ्या माहितीतल्या ज्या बायका पडल्या त्यांच्याजवळ रिक्षावाला उभा होता, आणि तो ‘मावशी, बघून’ म्हणाला. नायक चिडका असतो, पण त्याचे दंड चांगले असतात, आणि चिडण्याचं कारण तो सहाशे वाक्यांनंतर सांगतो. नायिकेची बेकरी असते किंवा फुलांचं दुकान असतं आणि ते तोट्यात चाललेलं असतं. ती दिवसभर दुकानाबाहेर हिंडत असते, त्यामुळे ते का तोट्यात आहे हे मला कळतं, तिला कळत नाही. गावाला गेलं की हॉटेलात एकच खोली शिल्लक असते. आपल्या मराठीतली नायिका पुण्यात राहते, जाहिरातींच्या ऑफिसात काहीतरी ‘क्रिएटिव्ह’ करते आणि तिला आई असते ती चुकीच्या क्षणी फोन करण्यापुरती. बाकी नातेवाईक नाहीत. काका नाही, आत्या नाही, मामा नाही. आता मामाच नसेल तर लग्नात रुसणार कोण?

आणि कोणी जेवत नाही. केक खातात, कॉफी पितात, पण पाट-पाणी, कोणाला काय वाढलं, कोणी काय टाकलं, यातलं काहीच नाही. हा दोष मी भिशीत मांडला तेव्हा मुलगी म्हणाली, “काकू, लव्हस्टोरी आहे. खाणावळ नाही.”

पण खरं सांगायचं तर मी या कादंबऱ्या नीट थट्टा करता यावी म्हणून वाचायला घेतल्या, आणि तिसरी वाचताना स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले. मी ज्या गंभीर कादंबऱ्यांवर वय घालवलं त्यांतल्या बायका बहुधा शेवटाच्या थोड्या आधी मरतात. त्यामुळे नायकाला खिडकीबाहेर बघत विचार करायला निवांत वेळ मिळतो. इथल्या बायका मरत नाहीत. त्यांना नोकरी असते, खडूस साहेब असतो, पोट सुटलेलं असतं, आणि लेखिका त्यांना अब्रूनिशी शेवटच्या पानापर्यंत जिवंत पोचवते. गोड शेवट लिहिणं सोपं, असं मीही समजत असे. सोपं असतं तर इतक्यांनी बिघडवलं नसतं.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नव्हती. कादंबरी दोन तृतीयांश झाली की गैरसमज येतो. नायिकेला नायक कोणा बाईच्या गळ्यात पडलेला दिसतो. ती त्याची बहीण असते. वाचकाला हे दिसताक्षणी कळतं, पण नायिका बॅग भरते. पुढची शंभर पानं दोघं दोन गावांत झुरतात. दोघांच्या हातात फोन असतो, त्याच फोनवर आधीची शंभर पानं त्यांनी एकमेकांना निरोप पाठवलेले असतात, आणि आता मात्र दोघांपैकी एकालाही बोट उचलवत नाही.

“एक फोन केला असता तर पुस्तक निम्म्यात संपलं असतं,” मी म्हणाले.

“फोन करायला काय लागतं ते तुम्हाला माहीत नाही, काकू.”

“काय लागतं? बोट.”

“तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही,” असं म्हणून मुलीनं चहाचे कप उचलले.

हे झालं दिवाळीच्या सुमारास. तेव्हा तिचं सगळं सुरळीत चाललं होतं. त्याच ऑफिसातल्या एका मुलाशी तिचं जमलं होतं आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण ती लपवण्याच्या जातीतली नाही. तो साताऱ्याकडचा. वडील घाऊक बाजारात माथाडी होते, आता निवृत्त, घर कामोठ्याला. ओळख झाली ती ऑफिसच्या फ्रिजमुळे. दोघांचे डबे एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. त्यानं चुकून हिचा डबा उघडला, आणि चूक कळल्यावरही आतली सुकटीची चटणी आणि भाकरी संपवून मग डबा धुऊन परत केला. वर विचारलं, “उद्या काय आहे?” हे मी कादंबरीत वाचलं असतं तर विश्वास ठेवला असता. कोणीच पडलेलं नव्हतं.

संक्रांत झाली आणि मुलाकडच्यांनी बघायला यायचं ठरलं. मालक असल्या वेळी मला खाली बोलावून बैठकीच्या खोलीत बसवतात. भाडेकरू शिकलेली असली की घराला जरा वजन येतं, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं.

आदल्या दिवशी मालकीणबाईंनी मुलाला फोन करून विचारलं होतं, “तुमचेकरं काय चालतं, काय नाय चालत, मोकलेपनी सांग.” आणि मुलगा म्हणाला होता, “काकी, आमच्यात सगळं चालतं. तुम्ही काही त्रास घेऊ नका.” कोणताही चांगल्या घरातला मराठी मुलगा हेच म्हणतो. आपल्याकडे पाहुण्यानं आवडनिवड सांगणं म्हणजे जवळजवळ भांडण काढणं.

मग काय विचारता. मालक पहाटे स्वतः जाऊन ओळखीच्या माणसाकडून खाडीचा जिताडा मासा घेऊन आले. आमच्या मालकांच्या घरी जिताडा म्हणजे मान. आणि त्याचं डोकं पंगतीतल्या सगळ्यांत मोठ्या पाहुण्याच्या ताटात जातं, यात चर्चा नसते. मुलाचे वडील उंच, वाकलेले, शांत गृहस्थ. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटण लावलेला, वर थंडीचा मफलर. मालकीणबाईंनी ते डोकं दोन्ही हातांनी त्यांच्या ताटात ठेवलं. ते हसले, हात जोडले, म्हणाले, “लई केलंत.” आणि तांदळाची भाकरी लोणच्याबरोबर खाल्ली. आणखी एक भाकरी मागून घेतली, तीही लोणच्याबरोबर. मुलाची आई थोडं थोडं खात होती आणि नवऱ्याच्या ताटाकडे बघत होती. मुलगा मान खाली घालून जेवत होता. कालवणाचा थेंब त्या ताटात हलला नाही. जिताडा आणि मुलाचे वडील समोरासमोर बसून राहिले.

कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. मी हवामानावर बोलले.

निघताना फाटकापाशी मालक हात जोडून म्हणाले, “कलवतो.” मुलाचे वडील म्हणाले, “कळवतो.” रिक्षा गेली.

आत आल्यावर मालकीणबाई ओट्यापाशी उभ्या राहून रडल्या. “येवडं केलं, आनि त्यांनी बोट नाय लावलं. आमचा जेवन त्यांना चालत नाय. आमी आगरी, म्हनून.”

“सगलं चालतं, सगलं चालतं,” मालक म्हणाले. “पोरानं सांगितलंनं ना? मंग आमचं घरच चालत नाय. आता आपन फोन करायचा नाय. मुलाकरच्यांनी कलवायचं असतं. मुलीकरचे झालो म्हनून काय लाचार हाव का?”

दुसऱ्या दिवशी मुलाचा निरोप आला: बाबा म्हणतात, तुमच्याकडून कळू दे. मुलीनं उत्तर दिलं: बरं. त्यानंही लिहिलं: बरं. तेवढ्यात त्याची रातपाळी लागली आणि हिची दिवसपाळी. फ्रिज तोच होता, पण डबे वेगवेगळ्या वेळी ठेवले जाऊ लागले.

आठवडे गेले. मुलगी भिशीला यायची, पण पुस्तकावर बोलायची नाही. एकदा जिन्यात मी म्हणाले, “त्याला सरळ विचार ना, वडील का जेवले नाहीत ते.” ती पायरीवर थांबली. “काय विचारू? माझ्या आईच्या हातचं तुमच्या घरात चालतं का, असं विचारू? आणि तो नाही म्हणाला तर?” मग मला तिचं दिवाळीतलं बोलणं कळलं. फोन करायला बोट पुरत नाही. समोरून काय ऐकावं लागेल ते ऐकण्याची तयारी लागते, आणि जोवर विचारलं नाही तोवर ‘नाही’ही आलेलं नसतं. त्या न आलेल्या ‘नाही’वर माणूस महिनोन् महिने काढू शकतो. गुलाबी मुखपृष्ठांच्या लेखिकांना हे माहीत होतं. त्यांचं फक्त बहीण निवडणं चुकलं होतं. तिथे जिताडा ठेवायला हवा होता.

मालकांकडे मात्र दुसरी हालचाल सुरू झाली. उरणकडच्या एका नात्यातल्या मुलाचं स्थळ आलं. जमीनजुमला चांगला, मुलगा चांगला, पद्धती सगळ्या सारख्या. पाडव्याला बोलणी करू, असं मालक म्हणाले. मुलगी काहीच म्हणाली नाही, आणि ती काहीच न म्हणण्याच्या जातीतलीही नाही.

त्या महिन्याचा शनिवार माझ्या घरी होता. पुस्तक एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी निवडलेलं, मराठी, आणि खरोखर बरं. पण दोन तृतीयांशावर गैरसमज होताच. मुख्याध्यापिकाबाई चष्मा काढून म्हणाल्या, “ही नायिका मूर्ख आहे. सुशिक्षित मुलगी, आणि साधा एक फोन करत नाही?”

“ती मूर्ख नाही,” मुलगी म्हणाली.

“मग काय आहे?”

“घाबरलेली आहे.”

मग सगळं बाहेर आलं: जिताडा, लोणचं, दोन कळवतो, दोन बरं, पाडवा. बायका ऐकत होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि वर्गात फळ्यापाशी बोलवावं तशा म्हणाल्या, “लाव फोन.”

“आत्ता?”

“मग काय, मुहूर्त बघायचाय?”

“बाबांना कळलं तर?”

“बाबांना सांगू, भिशीचा नियम आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुस्तक आवडलं नाही तर शेवट बदलावा लागतो.”

मुलीनं फोन लावला. स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला, चहाच्या कपांमध्ये. घंटी वाजत राहिली. मग पलीकडून जाड, सावकाश आवाज आला.

“हॅलो? कोन?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मुलगा नव्हता. मुलाचे वडील होते.

“काका, मी… नेरूळहून बोलतेय.”

“आगं, पोरी! बोल की. त्यो झोपलाय. रातपाळीहून आलाय.”

कादंबरीत इथे नायिका फोन ठेवते, आणि तिच्या बाजूनं सांगायचं तर तिचं बोट तसं गेलंही होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

“काका, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी आमच्याकडे जेवला का नाहीत?”

तो म्हातारा इतक्या साधेपणानं बोलला की आम्ही सगळ्याच टेबलाकडे झुकलो.

“बाळा, माज्या गळ्यात माळ हाय. बाजारातनं सुटलो तवा घातली. पोरगं खातं, हिला बी आवडतं, मला कोनाचं काय न्हाय. त्या दिवशी मफलर होता, दिसली नसंल. बोललो आसतो तर तुज्या आईनं उठून पुन्यांदा चूल पेटवली आसती. एवढं दमून केल्यालं. म्हनलं, भाकरी हाय, लोनचं हाय, आपलं पोट भरतंय. लई चांगली भाकरी हुती बग.”

मुलगी रडायला लागली, पण चांगल्या कारणानं. “मग तुम्ही कळवलं का नाही?”

“तुजा बाप कळवतो म्हनला न्हवं! आमी वाट बगतोय. आमचं घर बारकं, तुमची आख्खी बिल्डिंग. म्हनलं, न्हाय पटलं आसंल त्यांना. त्यात हे बेनं ‘सगळं चालतं’ म्हनून बसलं हुतं, ते कुनाला तोंड दाखवंना. रोज उठलं की फोन बगतंय आन् उलटा ठेवतंय. उठवू का त्याला?”

सहा बायकांनी एकदम माना डोलावल्या.

“नको,” मुलगी म्हणाली. “झोपू द्या. रातपाळी आहे.”

“अगं, उठवायला सांग की!” मुख्याध्यापिकाबाई न राहवून ओरडल्या. पलीकडून विचारणा झाली, “कोन बोललं?” आणि मुलीनं हसत-रडत फोन बंद केला.

या जातीच्या कादंबऱ्यांचा शेवट विमानतळावर होतो. नायक सुरक्षारक्षकांना चुकवत धावतो. आमच्याकडे आता विमानतळही झाला आहे, कामोठ्याहून लांब नाही. पण नायक धावला नाही. तो घोरत होता. त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा फोन त्याच्या वडिलांनी घेतला, आणि मला वाटतं तेच बरं झालं. त्यानं घेतला असता तर ‘काही नाही गं, तसं काही नाही’ म्हणाला असता.

डब्यातली चिठ्ठी काढायची राहिलीच होती. काढली तर माझी. मी पिशवीतून ती जाडजूड कादंबरी काढून टेबलावर ठेवली. सगळ्यांचे चेहरे पडले, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी वाचली. पुढच्या महिन्यातल्या शनिवारी मुलीनं तिचा निकाल दिला: “काकू, छान आहे. पण यातही कोणी फोन करत नाही. नुसतं त्या लोकांना शेवटपर्यंत जमत नाही, म्हणून तुम्ही याला साहित्य म्हणता.” इतकी वर्षं मुद्रितं तपासून मला हे सुचलं नव्हतं. मी आणखी एक कप चहा घेतला.

त्या फोनच्या शनिवारी बैठक उठताच मुलगी आणि मी खाली गेलो होतो. मालकीणबाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. “अगो बाई! मालकरी माणूस, आनि मी त्याचे पुढं डोकं ठेवलं!” म्हणजे अपमान झाला होताच, फक्त त्याची दिशा बदलली. मालक चिडूनच म्हणाले, “माल हाय तर सांगायला काय झालं होतं? माझे सासऱ्यालापन माल होती. मी काय त्याला उपाशी ठेवला?” आणि फोन शोधायला उठले. “मीच करतो. मी कलवतो म्हनालो होतो.” पाडव्याच्या बोलण्यांचं काय, असं मी विचारणार होते, पण त्यांनी जाता जाताच हात झटकला.

पुढच्या रविवारी दुसरी पंगत बसली. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, नाचणीचे पापड, खीर. हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात शिजलं, कारण इमारतीत फक्त माझ्याच भांड्यांना कधी मासा लागला नव्हता. मी मासे खाते, पण दुसऱ्यांच्या घरी. माझी एवढीच साधना. मालकीणबाई सकाळपासून माझ्या ओट्यावर होत्या आणि मीठ कुठे ठेवता म्हणून मला रागवत होत्या. खाली दुसऱ्या गॅसवर जिताडाही होता. मुलाच्या वडिलांनी फोनवर बजावलं होतं, माझ्यापायी बाकीच्यांची तोंडं बांधू नका. या वेळी त्यांनी मफलर आणला नव्हता. वरचं बटण उघडं होतं, आणि माळ स्वच्छ दिसत होती.

आता प्रश्न डोक्याचा. मानाचा पाहुणा बिरडं खात होता, आणि डोकं तर मानाच्या ताटात जायला हवं. मालकांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “बाईंना.”

मालकीणबाई डोकं घेऊन माझ्यासमोर आल्या. त्या डोक्यानं माझ्याकडे बघितलं. “चालतं ना, बाई?” मालकीणबाईंनी विचारलं.

माझ्या जिभेवर ‘सगळं चालतं’ तयार होतं. इतकी वर्षं तेच म्हणत आले. समोरून मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

“नाही,” मी म्हणाले. “डोकं नाही चालत. शेपटीकडचा तुकडा द्या.”

मालकीणबाई म्हणाल्या, “बरं झालं सांगितलं,” आणि डोकं घेऊन मुलाकडे गेल्या. सुकटीची चटणी संपवून डबा धुऊन परत करणाऱ्या त्या माणसानं त्यात काही शिल्लक ठेवलं नाही. मालक त्याच्याकडे बघत होते, आणि मला वाटतं खरी पसंती तेव्हाच झाली.

निघताना सगळे पुन्हा फाटकापाशी आले. चपला घालून झाल्या. मालकांनी हात जोडले. “मग आमी कल—”

“बाबा,” मुलगी दारातून म्हणाली.

मालक थांबले. मुलाचे वडील हसायला लागले. “न्हाय न्हाय, आता कळवायचं बिळवायचं काय न्हाय. हितंच सांगतो. पोरगी पसंत हाय आमाला. तुमचं बोला.”

“आमचंपन तेच,” मालक म्हणाले. मग घाईघाईनं, सगळं एकदमच सांगून टाकलेलं बरं म्हणून, “पन हलद आमचे पद्धतीनं होनार. आख्खा गाव जेवनार. मासा, मटन, सगलं.”

“जेवू द्या की गाव,” मुलाचे वडील म्हणाले. “माज्यासाठी तेवढी भाकरी ठेवा. आन् लोनचं, त्या दिवसाचंच.”